मंगीचे केस

फाल्गुन सरत आला की अकोल्यात रस्त्याच्या कडेला वाळ्याच्या ताट्या विकायला येतात. गच्चीवर नाहीतर जिन्याखाली उलटे पडलेले कूलर खाली उतरतात, त्यांच्यातली जुनी काळी घास उपसली जाते, मोटरीला तेल पडतं. मग एखाद्या दुपारी नव्या ताटीवर पहिलं पाणी पडतं आणि सगळ्या गल्लीत तो ओला, मातकट, गोडसर वास पसरतो. लोक डोळे मिटून घेतात. अंगावरचं ऊन उतरल्यासारखं वाटतं त्यांना. मला मात्र त्या वासानं राग येतो. यंदाही आला. आईनं पाइप धरला होता आणि मी बटण दाबलं, आणि वाऱ्याच्या पहिल्याच झोताबरोबर तो सगळा उन्हाळा घरात शिरला.

आई म्हणाली, "काहून वं, तोंड वाकडं केलं?"

"काही नाही," म्हटलं. पण तिला माहीत होतं.

माझं काम केसांचं आहे. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या हातांकडे बघतो आणि मग विचारतो, "पार्लर आहे का?" पार्लर नाही. अमरावतीत बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर आमचा छोटा स्टुडिओ आहे. तिथं संगणकावर कार्टूनची माणसं तयार होतात. कोणी त्यांना चालवतं, कोणी कपडे घालतं, कोणी उजेड पाडतं. मी केस लावते. आई गल्लीत सांगते, "माही सुजाता कंप्युटरमंदी लोकायले केस लावते." ऐकणाऱ्या बायका माना डोलवतात, आणि एखादी हळूच विचारते, "टकल्यायले लागतात का?"

हे काम बाहेरून दिसतं त्याहून किचकट आहे. डोक्यावर लाखभर केस असतात आणि एकेक केस हातानं लावणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून काही मोजके केस आपण लावायचे, त्यांना वळण द्यायचं, आणि बाकीच्यांनी त्यांच्या मागून चालायचं, असं संगणकाला सांगायचं. किती केस एकत्र बट धरतील, किती कुरळे होतील, किती सुटे राहतील, हे सगळं ठरवता येतं. त्यानंतर संगणक उजेडासकट एकेक चित्र पक्कं काढतो. त्याला आम्ही रेंडर म्हणतो. खरी परीक्षा तिथं असते. केस इतका बारीक असतो की संगणकाला तो कधी दिसतो, कधी दिसत नाही. मग चित्र हललं की केसांवर मुंग्या येतात. जुन्या टीव्हीवर यायच्या, तशाच. त्या मुंग्या घालवणं, उजेड केसांवरून सुईच्या दोऱ्यासारखा सरळ वाहू देणं, म्हणजे आमच्या भाषेत केस 'क्लीन' काढणं.

त्या उन्हाळ्यापर्यंत क्लीन या शब्दाला माझ्यासाठी एवढाच अर्थ होता.

आम्हाला एक फिल्म मिळाली होती. मुलांच्या शिक्षणासाठी काम करणारी एक संस्था पैसे देणार होती, पुण्याचे एक दिग्दर्शक ती करत होते आणि माणसं उभी करण्याचं काम आमच्याकडे आलं होतं. आमचे मालक प्रवीणभाऊ मूळचे भातकुलीचे. घरची शेती भावाकडे सोडून त्यांनी हा उद्योग मांडला होता. इतकं मोठं काम पहिल्यांदाच आलेलं. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "आता हे नीट झालं पाह्यजे. पुन्याच्या लोकायले समजू द्या वऱ्हाडात काय पोट्टे आहेत ते."

फिल्ममध्ये दोन मुली होत्या. एक डॉक्टरची मुलगी, अनन्या. दुसरी वस्तीतली, मंगी. अनन्याला आडनाव होतं, खोली होती, खिडकीत झाड होतं, कुत्रा होता. मंगीला फक्त मंगी हे नाव. मंगल, मंगला, मंगळा काय ते कोणी ठरवलंही नव्हतं. मंगी शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहते, आत यायला घाबरते. अनन्या तिचा हात धरते, घरी नेते, तिचे केस विंचरते, वेण्या घालते आणि शाळेत घेऊन येते. वर्ग टाळ्या वाजवतो. एवढी गोष्ट.

कथा वाचली तेव्हाच काहीतरी खुपलं होतं. पण वस्ती हा शब्द मला सवयीचा आहे. वस्ती म्हणताना लोकांना नेमकी कोणती वस्ती म्हणायची असते, हे वस्तीत राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. आपण ऐकतो आणि पुढचं पान उलटतो.

आधी अनन्याचे केस केले. खांद्यापर्यंत, मोकळे. पहिल्या खेपेला मी ते फार नीट केले होते आणि नचिकेत सरांनी, म्हणजे त्या दिग्दर्शकांनी, बरोबर सूचना दिली. ते म्हणाले, "हे विगसारखे वाटतायत. लहान मुलीचे केस आहेत. थोडे सुटू देत, थोडे उडू देत." खरंच होतं ते. मी काही केस बटांमधून सोडवले, कपाळाशी बारीक लव ठेवली, टोकांना थोडं रखरखीतपण दिलं, मागून ऊन आलं की डोक्याभोवती सोनेरी धागे दिसतील अशी योजना केली. त्या सुट्या केसांच्या मुंग्या घालवता घालवता माझे डोळे लाल झाले. पण केस जमले. सरांनी लिहून पाठवलं, "अप्रतिम. वाऱ्याशी खेळणारे, अगदी नॅचरल." प्रवीणभाऊंनी ते वाक्य सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू?

मग मंगीचा कागद आला. चित्रात तिचे केस तपकिरी, राठ, चिकटलेले, एका बाजूला उभे राहिलेले होते. त्यात गवताची काडी अडकलेली. खाली सूचना होती: वर्षानुवर्षं न विंचरलेले.

वर्षानुवर्षं. ते वाचून मी माझ्या डोक्याला हात लावला.

आमच्या फैलात सकाळी एक ठराविक आवाज असतो. अकोल्यात कामगारांच्या जुन्या वस्तीला फैल म्हणतात. नळाचा, स्टोव्हचा, रेडिओचा आवाज तर असतोच. पण शाळेच्या वेळेआधी दारादारांत एकेक पोरगी गुडघ्यांत मान घालून बसलेली असते, आणि "आई गं, दुखते न!" आणि पाठीत धपाटा, आणि "हालू नको!" असं घराघरातून ऐकू येत जातं. माझी आई अंगणवाडीत सेविका होती. तिला दुसऱ्यांची लेकरं सांभाळायला वेळेवर पोचावं लागे. तरी माझ्या डोक्यावर बसायला तिला वेळ असायचा. खोबरेल तेल तळहातावर घेऊन ती असं चोळायची की डोकं पुढे-मागे हलायचं. मग बारीक दातांचा कंगवा. मग मधोमध भांग, पाटीवर रेघ मारावी तसा. दोन वेण्या, वर दुमडून, लाल फिती. इतक्या घट्ट की डोळ्यांचे कोपरे वर ओढले जायचे आणि शाळेत मुली मला जपानी म्हणायच्या.

चौथीत असताना एका बाईंनी वर्गात मुलींची डोकी तपासली होती. उवा बघायच्या होत्या. सगळ्यांची नाही, काहींचीच. कोणाची, ते बाईंना हजेरी न बघता कळायचं. माझ्यापाशी आल्या तेव्हा त्यांनी हात लावला नाही. फूटपट्टीच्या टोकानं माझी वेणी उचलली, खाली बघितलं, सोडून दिली. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीचे केस मोकळे होते आणि ती दिवसभर डोकं खाजवायची. तिच्यासमोर त्या थांबल्यासुद्धा नाहीत.

घरी येऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वेणी आणखी घट्ट आली. मला वाटलं, चूक बाईंची आणि शिक्षा मला. पुढं कधीतरी मी तिला विचारलं, इतकं का ओढायचीस? ती म्हणाली, "एक केस बाहेर दिसला तं बोलाले जागा भेटते त्या लोकायले. म्हनून जागाच ठेवत नोती मी."

तर त्या कागदावरचे केस मी केले नाहीत. मी मंगीला वेण्या घातल्या. फ्रॉक जुना, पाय अनवाणी, हे सगळं कागदाप्रमाणे. केस मात्र तेल लावलेले, मधोमध भांग, दुमडलेल्या वेण्या, लाल फिती. कानामागं चुकून सुटलेले चार केस. तेलाच्या केसांवरून उजेड फार सुंदर वाहतो. डोकं वळलं की ती चमक भांगापासून फितीपर्यंत एका लयीत घसरत जाते. एक मुंगी नाही. इतकं स्वच्छ रेंडर माझ्या हातून आधी कधी निघालं नव्हतं. पाठवलं आणि मी जयंतीसाठी अकोल्याला घरी आले.

चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी आमचं फैल ओळखू येत नाही. निळ्या पताका तारांना अडकून फडफडत असतात. विहारासमोर मांडव घालणारे एकमेकांवर ओरडत असतात. कोणीतरी "हॅलो, हॅलो" करत माइक तपासतं आणि तो माइक किंचाळतो. घराघरांत पांढरी पातळं खळ घालून वाळत टाकलेली. ऊन असं की पत्र्यावर पाणी टाकलं तर चुर्र होतं, आणि त्या उन्हात पोरी लेझीम घेऊन शेवटचा सराव करत असतात. तेवढ्यात नचिकेत सरांचा व्हिडिओ कॉल आला. मी लॅपटॉप घेऊन दाराशी बसले, कारण आत रेंज नव्हती.

"सुजाता, वेण्या छान आहेत," ते म्हणाले. "पण ही मंगी नाहीये."

"मंगीच आहे, सर."

"ती गरीब वाटत नाहीये."

"फ्रॉक विटलेला आहे. पायात चप्पल नाही. केसही विटलेलेच पाहिजेत का?"

ते हसले. वाईट हसले असं नाही. सवयीचं हसले. "हे बघा, प्रेक्षकाला फरक दिसला पाहिजे. आधी आणि नंतर. आधी घाण, मग क्लीन. अनन्या तिला विंचरते तो क्षण म्हणजे अख्ख्या फिल्मचा आत्मा आहे. तुम्ही तिला आधीच विंचरून ठेवलंत तर अनन्यानं करायचं काय?"

मला वाटलं म्हणावं, अनन्यानं स्वतःचे विंचरावेत. म्हटलं नाही.

"मागे फार आवाज येतोय," ते म्हणाले. "म्यूट करता का?"

"म्यूट केलं तर मी बोलू कशी?"

"बरं. पण हे समजून घ्या. हे आमच्या मनचं नाही. आम्ही अशा वस्त्यांमध्ये जाऊन आलोय, रिसर्च केलाय. तुम्ही कधी गेलायत का अशा वस्तीत?"

मी लॅपटॉप उचलला आणि त्याचं तोंड गल्लीकडे केलं. "सर, मी तिथंच बसले आहे."

त्यांना काय काय दिसलं असेल ते असो. पताका, मांडव, वाळणारी पातळं. आमच्या शेजारची वच्छलाकाकू कट्ट्यावर नातीच्या डोक्याला तेल चोळत होती. लेझीमवाल्या पोरी वळल्या तेव्हा सगळ्यांच्या वेण्या एकदम वळल्या, निळ्या फितींसकट.

मग ते म्हणाले, "अच्छा. अच्छा. पण तुमचं वेगळं आहे. तुम्ही शिकलात, पुढे आलात. तुम्ही अपवाद आहात."

त्या क्षणी माझ्या दारासमोरून सात-आठ अपवाद लेझीम वाजवत चालले होते.

आई आतून सगळं ऐकत होती. कॉल संपल्यावर तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला. "कोन व्हय तो?"

"दिग्दर्शक."

"काय म्हनते?"

"म्हणतो, पोरगी स्वच्छ आहे म्हणून गरीब वाटत नाही."

आई दाराच्या चौकटीला टेकली. "आमी गरीब होतो वं," ती म्हणाली. "पन त्याले कोनं सांगतलं का गरिबाले आंग धुता येत नाही?"

उन्हाळा पुढं सरकला. अमरावतीला परतले तेव्हा स्टुडिओतला कूलर दिवसभर घरघरत होता. संगणकांच्या गरम वाफा आणि वाळ्याचा तो वास एकमेकांत मिसळून गेले होते. प्रवीणभाऊ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहत, पडद्याकडे बघत आणि निघून जात. सरांकडून विचारणा येत होती, मंगीचं काय झालं. मी त्या कागदाकडे बघत बसे. एका दुपारी माझं लक्ष शेजारच्या पडद्यावर गेलं. तिथं अनन्या होती. उन्हात उभी, मोकळे केस उडतायत, डोक्याभोवती सुटे धागे चमकतायत. आणि मला एकदम दिसलं ते.

मी अनन्याचे केस उचलले आणि जसेच्या तसे मंगीच्या डोक्यावर ठेवले. एक आकडा बदलला नाही, रंग बदलला नाही. ऊनही तेच. फक्त खालचा चेहरा सावळा, फ्रॉक विटका, पाय अनवाणी. पाठवून दिलं.

उत्तर लगेच आलं. "आता जमलं! विस्कटलेले, धुळीचे, अगदी हवे तसे. थोडे अजून चिकट करता येतील का?"

मी ते उत्तर दोनदा वाचलं. आनंद झाला नाही. आपल्याला जे माहीत आहे ते इतक्या सहज सिद्ध व्हावं, याचा काय आनंद करायचा?

पुढच्या कॉलला मी प्रवीणभाऊंना शेजारी बसवलं. दोन्ही मुलींची चित्रं शेजारी शेजारी लावली आणि दोघींचे चेहरे काढून टाकले. रिकाम्या पडद्यावर नुसते केस तरंगत राहिले.

"सर, यातली मंगी कोणती?"

ते पडद्याजवळ आले. बघत राहिले. "हे काय आहे?"

"दोन्ही अनन्याचेच केस आहेत. तुम्ही पास केलेले. हिच्या डोक्यावर होते तेव्हा वाऱ्याशी खेळत होते. तिच्या डोक्यावर ठेवले तर धुळीचे झाले. त्यात धूळ कुठं आहे तेवढं दाखवा, मी काढून टाकते."

प्रवीणभाऊ त्यांच्या हातातल्या पेनचं टोपण काढत होते आणि लावत होते.

"तुम्ही आमची फसवणूक केलीत," सर म्हणाले. "हा टेक्निकल विषय आहे. तुम्ही तो इमोशनल करताय." आणि कॉल बंद झाला.

टेक्निकल. मी आजही या शब्दापाशी अडखळते. सुटे केस हा खरोखरच टेक्निकल विषय आहे. यंत्राला मंगी आणि अनन्या यांतला फरक माहीत नसतो. ते दोघींच्या केसांसाठी तेवढंच तापतं, तेवढाच वेळ घेतं. यंत्र काढून देतं तो केस. घाण बघणाऱ्याच्या डोळ्यांत असते, आणि ती घालवायचं कुठलं बटण आमच्याकडे नाही. आणि आणखी एक गोष्ट त्या दिवसापासून मला टोचते आहे. अनन्याला विस्कटायची मुभा आहे. तिनं खेळून यावं, केस उडवावेत, लोकांना ते बालपण वाटतं. मंगीचे केस खेळूनच विस्कटले असतील, हे कोणाच्या मनातसुद्धा येत नाही. आणि वेण्या घातल्या तर ती खोटी वाटते. म्हणजे मोकळे सोडले तरी बोलायला जागा आणि बांधले तरी जागा. माझ्या आईनं जन्मभर जी जागा बुजवायचा प्रयत्न केला, ती तेलानं बुजण्यातली नव्हतीच.

प्रवीणभाऊ त्या दिवशी आधी माझ्यावर चिडले. "मले विचारायचं तं होतं, सुजाता! असं तोंडावर मारते का कोनी?" मग बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा आवाज खाली होता. "तू खरी आहे. मी पुन्यात बोललो का हसतात लोक, मले समजते थोडंसं. पन तुह्यासारखं नाही समजत, हेही समजते. आता काम गेलं तं इथच्या पोरायले काय सांगू?"

काम पूर्ण गेलं नाही. पुण्याहून मेल आला. मंगीचे केस दुसरीकडे करून घेतले जातील, बाकी सगळं तुमच्याकडेच राहील. अनन्याचे केस उत्तम आहेत, ते तसेच ठेवावेत. प्रवीणभाऊंनी होकार दिला. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्या जागी मी काय केलं असतं हे मला ठरवता आलं नाही. मी एवढंच म्हटलं की, माझं नाव फिल्मवर नको. ते म्हणाले, "नको तं नको," आणि माझ्या नजरेला नजर दिली नाही.

उरलेला वैशाख मी एका जाहिरातीवर काढला. शेंदूरजनाघाटच्या एका सरबतवाल्याला नाचणारं संत्रं हवं होतं, हातपाय आणि झुपकेदार मिश्या असलेलं. मी त्या मिश्या मन लावून केल्या. चांगल्या अस्ताव्यस्त होत्या. कोणी काही म्हणालं नाही. संत्र्याला जात नसते.

मृगाच्या सरी आल्या, कूलर पुन्हा जिन्याखाली गेले, माणसांच्या अंगावरचं घामोळं गेलं. माझ्या डोक्यात मात्र ती दुपार तशीच तापत राहिली. लोक म्हणतात, सोडून दे. इतकी साधी गोष्ट, एका कार्टूनचे केस. कोणाचं घर जळलं नाही, कोणाला मारलं नाही. खरं आहे. फूटपट्टीनंही मला कोणी मारलं नव्हतं. नुसती वेणी उचलून बघितली होती.

हिवाळ्यात ती फिल्म शाळाशाळांतून दाखवायला आली. आमच्या फैलातल्या शाळेतही आली. त्या दिवशी मुलींबरोबर आयांनाही बोलावलं होतं, आणि आई आता निवृत्त असली तरी अंगणवाडीची जुनी बाई म्हणून तिला निरोप होताच. मी म्हटलं, नको जाऊ. ती म्हणाली, "पाहू तं दे काय केलं त्यायनं." पदर सारखा करून ती निघाली. मीही मागून गेले.

वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. मुली खाली, आया भिंतीला टेकून. शाळेच्या बाई तरुण होत्या, हिवरखेडच्या. त्यांनी टीव्ही लावला आणि रिमोट हातात घेऊन कडेला बसल्या. मंगी पडद्यावर आली. राठ, चिकट, तपकिरी केस, त्यात ती काडी. आणि केस वळवळत होते. ती नुसती उभी राहिली तरी डोक्यावर मुंग्या धावत होत्या. ज्यांनी कोणी केलं होतं, त्यांना ते अस्वच्छ केस स्वच्छ काढता आले नव्हते. एक लहान मुलगी घाबरून म्हणाली, "तिच्या डोक्यात काय चालून राह्यलं?" दोघी-तिघी हसल्या. कोणीतरी आपल्या डोक्यावरून हात फिरवला. मला त्या हाताचा राग आला नाही. ज्यांनी तो हात तिथं नेला त्यांचा आला, इतका, की मी भिंतीच्या गार चुन्याला हात दाबून उभी राहिले.

मग तो क्षण आला. अनन्याची खोली, खिडकीतलं झाड, कंगवा. अनन्याची बोटं मंगीच्या केसांतून फिरू लागली. केसांतून हात फिरवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम असतं. केस बोटांत घुसतात, बोटं केसांतून आरपार जातात, एकेक चित्र पुन्हा पुन्हा सुधारावं लागतं. तो हात त्यांनी नीट केला होता. त्याला वेळ दिला होता.

"बाई," आईचा आवाज आला. "थांबवा वं थोडं."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. बाईंनी घाईनं रिमोट दाबला. फिल्म थांबली नाही, नुसता आवाज गेला.

"काय झालं, आजी?"

"या पोरीची माय कुठी हाय?"

बाई गोंधळल्या. "गोष्टीत नाही दाखवली, आजी."

"नाही दाखवली म्हंजे? मेली का?"

"तसं नाही सांगितलं."

"मंग आहे तं. आहे अन् लेकीचं डोकं पाहात नाही? अशी कोनती माय असते वं? मले दाखवा एखादी." आई आता उभी राहिली होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण अंगणवाडीत तीस लेकरांना गप्प करणारा होता. "अन् बाप? आजी? शेजारीन? कोनीच नाही का या पोट्टीले?"

भिंतीला टेकलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. एक म्हणाली, "खरं हाय बाप्पा." दुसरी म्हणाली, "मी तं कापूस वेचाले जायच्या आंधी दोघी पोरीयच्या वेन्या घालतो." बाईंनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मले पन हेच वाटत होतं, आजी. पन असं विचाराचं असते हे नाही सुचलं." आणि मुलींना म्हणाल्या, "सांगा बरं, तुमच्या वेण्या कोण घालते?"

"माही आई!"

"माही मोठी माय. लय वढते."

"मी सोताच घालतो!"

"माही ताई. पन मले पहिले तिचं दप्तर भरून द्या लागते."

सगळ्या एकदम बोलू लागल्या, गुडघ्यांवर उठून, एकमेकींच्या वेण्या ओढून दाखवत. मागच्या रांगेतली एक बारीक मुलगी तेवढी गप्प होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "माहे बाबा." हसू फुटेल म्हणून तिनं आधीच मान खाली घातली. पण कोणी हसलं नाही. मग तिनं मान वर केली. "ते रिक्षा चालवतात. माही आई नाही न, म्हनून ते घालतात. तिरप्या येतात."

तिनं वळून दाखवल्या. एक वेणी कानावर होती आणि दुसरी कानामागं. पार टोकापर्यंत गुंफलेल्या, टोकाला रबराची चिकाटीनं घातलेली वेटोळी. आई तिच्याजवळ जाऊन खाली बसली आणि त्या वेण्या हातात घेऊन बघू लागली. सगळ्या पोरी त्यांच्याभोवती गोळा झाल्या. भिंतीच्या बायका पुढं आल्या, हिवरखेडच्या बाईही आल्या.

मागं टीव्हीवर वर्ग टाळ्या वाजवत होता, आवाजाशिवाय. तिकडं कोणी बघत नव्हतं.